एमएस रक्तात असतो का? आखाजीला (आणि बाकी वर्षभर पण) विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मोठ्या बहिणीला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सासर रावेर तालुक्यात, आणि दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली की मांडे-रस पोटात गेल्यावर ओट्यावर तेच तेच प्रश्न निघतात. धुळ्याकडची आमची मावशी तर पहिल्या दिवसापासून एकच विचारते, "हाऊ आजार रगतमा ऱ्हास का रे भाऊ?" (हा आजार रक्तात असतो का). मी डॉक्टर नाही, माझं कृषी केंद्र आहे, बियाणं-खतं विकतो. पण ताईच्या आजारपणात न्यूरोच्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले आणि रात्री बसून इतकं वाचलं की आता उत्तरं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येक लग्नात उभ्याने सांगायला नको.

एमएस म्हणजे नेमकं होतं काय?

शेतातल्या मोटरीची केबल उंदराने कुरतडली की काय होतं ते आपल्याकडे कोणालाही विचारा. आतली तार शाबूत असते पण वरचं कव्हर गेलं, मग मोटर कधी चालते, कधी ट्रिप होते, कधी नुसती गुरगुरते. मेंदू, मणक्यातली मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यातल्या तारांवर मायलिन नावाचं असंच कव्हर असतं, आणि एमएसमध्ये आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती ते कव्हर खाते. जिथे खाल्लं तिथे डाग पडतात, एमआरआयवर पांढरे दिसतात. फ्रान्सच्या शार्कोने १८६८ मध्ये याच डागांवरून हा आजार वेगळा ओळखला. लकवा नाही, वारं गेलेलं नाही, बाहेरचं तर अजिबात नाही. बहुतेकांना वयाच्या २० ते ४० मध्ये सुरू होतो.

हा आनुवंशिक आहे का, हो की नाही ते सांग.

हो की नाही मध्ये उत्तर बसत नाही, आणि इथेच सगळा गोंधळ आहे, कारण आपल्याकडे आनुवंशिक म्हटलं की डोळ्यासमोर सिकलसेल येतो. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्यात सगळीकडे सिकलसेलची तपासणी चालते, शाळेतल्या पोरांना पण वाहक आणि पीडित हे शब्द पाठ आहेत. सिकलसेलचा हिशोब सरळ असतो. एकच जनुक, आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता आजाराची. एमएसमध्ये असं काही नाही. यात एक जनुक नाही, डीएनएवर दोनशेच्या वर जागा आहेत, आणि एखादी सोडली तर प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. एमएसचा "वाहक" अशी भानगडच नसते. तुमच्यात, माझ्यात, मावशीत, सगळ्यांत त्यातल्या कितीतरी चिमटी असतात, कोणात जास्त कोणात कमी.

म्हणून मावशीला मी सांगतो की रगतमा आजार येत नाही, आजाराकडचा कल येतो. मावशीला ते पटत नाही, ती म्हणते कल म्हणजे येतोच की.

मग भावंडांना, मुलाबाळांना किती धोका?

आकडे युरोप-कॅनडाचे आहेत, तिकडे हे पन्नास वर्षं मोजतायत. तिथे आई किंवा बापाला एमएस असेल तर मुलाला व्हायची शक्यता १०० त साधारण २, सख्ख्या भावंडाला १०० त २ ते ३. तिकडच्या साध्या माणसाला हजारात एक-दोन असते, म्हणजे पटीत बघितलं तर बरीच जास्त, पण उलटं वाचा की भाऊ, १०० पैकी ९७-९८ भावंडांना काहीच होत नाही. आपल्याकडे मुळातच प्रमाण कमी आहे म्हणून तो २-३ चा आकडा पण जसाच्या तसा उचलायचा नाही.

जुळ्यांचं सगळ्यात बोलकं आहे. हुबेहूब जुळे, ज्यांची जनुकं एकसारखी, त्यात एकाला एमएस झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण १०० त साधारण २५ च्या आसपास. चारात तिघांना नाही! जनुकंच सगळं ठरवत असती तर १०० पैकी १०० ना व्हायला पाहिजे होता.

रावेर-यावलच्या माणसाला हे केळीवरून लगेच कळतं. टिश्यू कल्चरची ग्रँड नैनची रोपं घ्या, एका बॅचची, सगळी एकाच झाडाची नक्कल, जनुकात काडीचा फरक नाही. एकाच दिवशी लावली, तेच ठिबक, तेच खत. तरी सीएमव्ही हा व्हायरस आला, आपण ज्याला हरण्या म्हणतो तो, तर सगळी बाग एकदम जात नाही. ज्या झाडावर व्हायरस घेऊन मावा बसला ते गेलं, शेजारचं उभं. दुकानात उभे राहून लोक मला विचारतात रोपच खराब होतं का, मी म्हणतो रोप तेच होतं, बाकीचं वेगळं घडलं. माणसाचं इतकं सोपं नाही हे मान्य, पण जुळ्यांचा आकडा समजायला एवढं पुरतं.

आणि कोणी म्हणेल की एका घरात राहतात, एकच पाणी पितात, एकच जेवतात, त्यातून लागत असेल. तेही बघून झालंय. कॅनडात दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास १९९५ ला आला. एमएस असलेल्या माणसाच्या घरात वाढलेल्या पण रक्ताचं नातं नसलेल्या लोकांत प्रमाण साध्या जनतेएवढंच निघालं. म्हणजे एका ताटात जेवून, सोबत राहून लागत नाही. हे मी ताईच्या जावेसाठी मुद्दाम लिहितोय, तिने सुरुवातीला ताईचा टॉवेल वेगळा केला होता.

एमएसचं मेन जनुक कोणतं मग?

सगळ्यात जोरदार एकच, एचएलए-डीआरबी१*१५:०१. नाव गाडीच्या नंबरसारखं आहे. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकांची वस्ती आहे, तिचा आणि एमएसचा संबंध १९७२ पासून माहिती आहे. हा प्रकार ज्याच्याकडे असतो त्याचा धोका साधारण तिप्पट.

एचएलएचं काम काय, तर बाजार समितीत वानगी दाखवतात ना, गाडीतून मूठभर ज्वारी काढून व्यापाऱ्यासमोर धरायची, व्यापारी बघून भाव ठरवतो, तसं. शरीरातल्या पेशी जंतूचे तुकडे एचएलएच्या मुठीत धरून टी-पेशींना (रक्तातल्या सैनिक पेशींना) दाखवतात आणि टी-पेशी ठरवतात हा आपला का परका. प्रत्येकाची मूठ वेगळी, कोणाच्या मुठीत काय नीट बसतं ते वेगळं. १५:०१ वाल्या मुठीत मायलिनचे तुकडे जरा जास्तच घट्ट बसतात, आणि व्यापाऱ्याचा घोळ झाला की घरच्या मालालाच परका ठरवतो.

पण उत्तर युरोपात दर चार माणसांत साधारण एकाकडे ही मूठ असते, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. उलट एमएसच्या कितीतरी पेशंटकडे ती नसतेच. एचएलए-ए*०२:०१ नावाचा दुसरा एक प्रकार तर धोका कमी करतो.

बाकीच्या चिमटी एकेक करून सापडल्या. २००७ मध्ये आयएल७आर आणि आयएल२आरए ही दोन जनुकं, २०११ ला यादी पन्नासच्या वर गेली, २०१३ ला ११० वर, आणि २०१९ ला ४७ हजारांवर पेशंट आणि ६८ हजारांवर निरोगी लोक तपासून २३३ झाली. त्यात ३२ एचएलएच्या वस्तीत, २०० बाहेर, आणि एक एक्स गुणसूत्रावर. जवळपास सगळी रोगप्रतिकारशक्तीशी जोडलेली. मेंदूचा आजार म्हणतो आपण, पण बिघाडाची सुरुवात रक्तातल्या सैनिकांत आहे हे या यादीवरूनच ठसठशीत दिसलं. अन् आजार किती जोरात पुढे सरकेल त्याचं जनुक वेगळंच आहे. तशी पहिली जागा २०२३ मध्ये सापडली, आई-बाप दोघांकडून ती आली तर चालायला काठी लागायची वेळ पावणेचार वर्षांच्या आसपास आधी येते.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे ना? आपल्याकडे कुठे असतो?

या एका वाक्याने ताईची चार वर्षं खाल्ली.

आधी तिचा एक डोळा धूसर झाला, डोळा फिरवला की दुखायचा, ड्रॉप दिले, महिन्याभरात आपोआप बरं झालं. दोन वर्षांनी कमरेखाली मुंग्या, पाय जड, एकाने सांगितलं मणक्यात गॅप आहे, दुसऱ्याने बी१२ च्या सुया दिल्या (बी१२ कमी असलं तरी असंच होतं, त्यामुळे त्यांचंही सगळं चूक नव्हतं), तिसऱ्याने टेन्शन घेऊ नका मॅडम. डोळा आणि पाय यांची गाठ कोणीच बांधली नाही. एक तर स्पष्ट म्हणाले की एमएस इंडियात नसतो, तो थंड देशातला आजार. मग नाशिकला एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि नाव कळलं.

खरं काय आहे बघा. जगात २०२० च्या मोजणीत २८ लाख पेशंट होते, सरासरी लाखाला ३६. उत्तर युरोपात याच्या कितीतरी पट, स्कॉटलंडच्या वरची ऑर्कनी बेटं तर लाखाला ४०० वर. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात अंदाज लाखाला एकच्या आसपास धरायचे. पण तेव्हा एमआरआय होते कुठे! पुढे मंगळूरला नीट मोजलं, २०१४ मध्ये आकडा आला, लाखाला साधारण ८. हाच दर आपल्याकडे लावून बघितला तर जळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांवर, म्हणजे सव्वातीनशेच्या वर माणसं एकट्या आपल्या जिल्ह्यात. देशात लाखाच्या वर. हा माझा दुकानातल्या कॅल्क्युलेटरवरचा हिशोब आहे, पण "इंडियात नसतो" म्हणणाऱ्यापुढे ठेवायला बरा. प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे हे शंभर टक्के खरं, पण कमी आणि नाही यात फरक आहे.

आणि थंड देश, गोरी कातडी हे समीकरण पण जागोजागी मोडतं. नॉर्वेच्या पार उत्तरेला सामी लोक राहतात, रेनडिअर पाळतात, थंडी म्हणाल तर तिथल्यापेक्षा जास्त कुठे नाही, तरी त्यांच्यात एमएस शेजारच्या नॉर्वेजियन लोकांपेक्षा कमी. इटलीचं सार्डिनिया बेट, ऊन भरपूर, समुद्र, द्राक्षं, तिथे मात्र एमएस खूप, आणि तिथे मुठी पण वेगळ्या, १५:०१ नाही तर ०३:०१ आणि ०४:०५ पुढे. अमेरिकेत कित्येक वर्षं सांगायचे काळ्या लोकांत एमएस कमी, मग दक्षिण कॅलिफोर्नियात सगळ्या पेशंटची नोंद नीट काढली, २०१३ ला कळलं की नव्याने एमएस होण्याचं प्रमाण काळ्या बायकांमध्ये गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे. म्हणजे आजार होता, बघणारं कोणी नव्हतं.

आपल्या जवळचं उदाहरण पारशी लोकांचं. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात १९८८ आणि १९९० मध्ये मोजणी झाली, मुंबईचे प्रसिद्ध न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांचं त्यात काम आहे. प्रमाण लाखाला २० च्या पुढे निघालं, तेव्हाच्या बाकी भारताच्या कितीतरी पट. तेच शहर, तेच ऊन, तीच लोकल, पण पूर्वज इराणकडचे आणि लग्नं हजार-बाराशे वर्षं आपसातच. इथे जनुकांचा हात स्वच्छ दिसतो. पण लगेच इराणकडे बघा. तेहरानमध्ये आता प्रमाण लाखाला शंभराच्या वर गेलंय, एका पिढीत कैक पटीने वाढलं. एका पिढीत जनुकं बदलत नसतात, म्हणजे बाकी काहीतरी बदललं, राहणीमान, तपासण्या, ऊन अंगावर घेणं. पारशी आणि इराणी ही दोन उदाहरणं मी नेहमी जोडीने सांगतो, एकटं एक सांगितलं की माणूस चुकीच्या गावाला पोचतो.

गोऱ्यांकडे हे जनुक आलं कुठून?

हा प्रश्न भाच्याचा, बारावी सायन्सला आहे, आणि मला सगळ्यात आवडणारा.

जानेवारी २०२४ मध्ये जुन्या हाडांमधल्या डीएनएवरचं मोठं संशोधन आलं. साधारण ५००० वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ मैदानातून यामनाया नावाचे पशुपालक, गुरं-मेंढरं घेऊन युरोपात उतरले, आणि १५:०१ सकट एमएसच्या धोक्याची बरीच जनुकं त्यांच्याबरोबर आली. उत्तर-पश्चिम युरोपात त्यांचा अंश जास्त म्हणून तिथे एमएस जास्त. आता धोक्याचं जनुक टिकलं का, वाढलं का? तर ढोरांमध्ये राहणाऱ्या माणसाला ढोरांचे रोग लागतात, त्यांच्याशी लढायला तडक तापणारी प्रतिकारशक्ती उपयोगी पडली असावी असं संशोधकांचं म्हणणं आहे. आता ते रोग गेले, गोठे गेले, पण भडक सैनिक राहिले.

नंदुरबारच्या माणसाला हे नवीन नाही. सिकलसेलचं एक जनुक मलेरियापासून वाचवतं, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात ते टिकलं. सार्डिनियात तर थेट तेच नाव परत येतं. तिथल्या लोकांत एमएसचा धोका वाढवणारा बीएएफएफ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल २०१७ मध्ये सापडला, आणि तो तिथे इतका पसरण्यामागे जुना मलेरिया असावा असं त्याच शास्त्रज्ञांनी मांडलं. एकीकडे वाचवलं, दुसरीकडे किंमत लावली.

भाच्याचा पुढचा प्रश्न, मग ते मैदानातले लोक आपल्याकडे पण आले ना? आले, त्यांच्या वंशजांचा अंश ४००० ते ३५०० वर्षांपूर्वी उपखंडात मिसळला असं २०१९ च्या डीएनए अभ्यासात आहे, उत्तरेकडे जास्त, दक्षिणेकडे आणि आदिवासी समाजांत कमी. पण इथे आधीपासूनचे लोक होते, तापीकाठी प्रकाशा, गिरणाकाठी बहाळ, या वस्त्या ताम्रपाषाण काळातल्या, तेव्हा मिश्रण भरपूर झालं आणि मुठींची भेळ झाली. आपल्याकडे १५ नंबरच्या मुठी तशा खूप, पण त्यात १५:०१ सोबत १५:०२ पण मोठ्या संख्येने, आणि एका आकड्याच्या फरकाने मुठीत काय बसतं ते बदलतं. म्हणून कोणाच्या रिपोर्टवर नुसतं डीआरबी१*१५ दिसलं म्हणून घाबरायचं नाही.

आमच्या समाजात जास्त असतो का? आणि मामाच्या पोरीशी लग्न केल्याने होतो का?

लेवा, गुजर, मराठा, कोळी, भिल्ल, पावरा, सगळ्यांनी मला हा प्रश्न विचारलाय आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यातच जास्त आहे, कारण आपल्या समाजातला पेशंटच आपल्याला माहिती असतो. मामे-आतेच्या लग्नाने जे आजार वाढतात ते सिकलसेल-थॅलेसेमियासारखे, दोन्हीकडून एकच खराब प्रत आली की होणारे. एमएस त्या जातीचा आजार नाही. ताईच्या सासू अजून म्हणतात तुमच्या घराण्यात होतं म्हणून आलं. आमच्या सात पिढ्यांत मला तरी दुसरा कोणी सापडला नाही, आणि बहुतेक पेशंटच्या घरात असंच असतं, ते एकटेच असतात.

खान्देशात एवढं ऊन, मग इथे तर व्हायलाच नको?

ऊन आणि व्हिटॅमिन डीचा संबंध आहे, जनुकांवरून काढलेल्या अभ्यासातही (२०१५) दिसलं की ज्यांचं व्हिटॅमिन डी जन्मजात कमी राहतं त्यांना धोका जास्त. पण मे महिन्यात जळगावला ४५ डिग्री असताना दुपारी बाहेर कोण असतं? स्कूटीवर पोरी स्कार्फ, सनकोट, हातमोजे, डोळे तेवढे उघडे. सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला ऊन जास्त वेळ लागतं. ताईचा डीचा रिपोर्ट बघून मला आधी वाटलं लॅबचीच चूक झाली.

मुलगा लंडनला आहे, नात तिकडे जन्मली. तिचा धोका आपला का तिकडचा?

तिकडच्या बाजूला सरकतो. इंग्लंडमध्ये १९९० मध्ये बघितलं होतं, भारत-पाकिस्तानातून मोठेपणी गेलेल्यांत एमएस कमी, पण त्यांची तिथे जन्मलेली मुलं जवळपास तिथल्या लोकांच्या बरोबरीला. जनुकं खान्देशचीच, बाकी सगळं लंडनचं. म्हणून मी म्हणतो नुसतं रगत रगत करू नका.

बाकी सगळं म्हणजे काय नेमकं?

सगळ्यात मोठं, एपस्टाईन-बार व्हायरस, ईबीव्ही. अमेरिकेच्या सैन्यातल्या एक कोटीवर लोकांचे रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं साठवलेले होते, ते उकरून २०२२ ला दाखवलं की ईबीव्ही झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. ८०१ एमएस पेशंटपैकी आजारापर्यंत ईबीव्ही न झालेला फक्त एक! त्या व्हायरसचं एक प्रथिन मेंदूतल्या एका प्रथिनासारखं दिसतं हे पण त्याच वर्षी कळलं, म्हणजे वानगी बघताना व्यापारी फसतो तो इथे. पण थांबा, हा व्हायरस जगातल्या जवळपास सगळ्या मोठ्या माणसांना होऊन गेलेला असतो, तुम्हाला मला पण. त्यामुळे त्याच्याशिवाय एमएस जवळपास होत नाही, आणि तो असून लाखातल्या मोजक्यांनाच होतो. आपल्याकडे तो लहानपणीच उष्ट्या-पाष्ट्यातून होऊन जातो आणि कळतही नाही. तिकडे बऱ्याच जणांना तरुणपणी होतो, ताप-गाठी येतात, आणि असा उशिरा आलेला जास्त घातक.

मग सिगारेट. स्वीडनमध्ये २०११ ला दिसलं की १५:०१ आहे, संरक्षण देणारं ०२ नाही, आणि वरून सिगारेट, तर धोका यातलं काहीच नसलेल्या माणसाच्या १३ पट. आणि लहान वयातला लठ्ठपणा.

ऑनलाइन थुंकीची टेस्ट मिळते, त्यात एमएसचा धोका पण सांगतात. करू का?

पैसे वाचवा. त्या २३३ जागांची बेरीज करून स्कोअर काढतात, पण तो हिशोब जवळपास सगळा युरोपियन लोकांवर बसवलाय. बी-बियाणं विकतो म्हणून सांगतो, हे म्हणजे विदर्भाच्या काळ्या भारी जमिनीवर ट्रायल झालेल्या वाणाचा उतारा अमळनेरच्या हलक्या रानात सांगण्यासारखं. आणि युरोपियन माणसाला तरी काय कळतं, वरच्या स्कोअरवाल्या बहुतेकांना होत नाही, खालच्या स्कोअरवाल्या काहींना होतो. न्यूरोच्या डॉक्टरांनी घरातल्या कोणालाच ही टेस्ट करायला सांगितली नाही. लक्षण दिसलं तर एमआरआय, लक्षण नाही तर घरी बसा.

मग आपल्या लोकांवर अभ्यास करतंय का कोणी?

करतायत. लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीने अ‍ॅडम्स नावाचा प्रकल्प खास यासाठी काढलाय, दक्षिण आशियाई, आफ्रिकन वंशाच्या एमएस पेशंटचे थुंकीचे नमुने घेतात. भारतातही दक्षिणेकडच्या पेशंटवर काम झालंय. एकंदरीत दिसतं ते असं की युरोपच्या यादीतले बरेच धोके आपल्यातही त्याच दिशेने ओढतात, जोर मात्र सारखा नाही. जिनोम इंडिया प्रकल्पाने वेगवेगळ्या समाजांतल्या १० हजार लोकांची जनुकं वाचलीत, ती एमएससाठी नाहीत, पण निरोगी भारतीय माणसाची जनुकं कशी असतात हे कळल्याशिवाय पेशंटची कशाशी ताडून बघणार?

आणि हे आपल्यावर उपकार म्हणून नाही हो. युरोपियन लोकांत डीआरबी१ चा १५:०१ आणि शेजारच्या डीक्यूबी१ चा ०६:०२ नेहमी जोडीने येतात, बैलजोडीसारखे, तेव्हा खरा दोषी कोणता तेच कळेना. २००४ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन पेशंटवर बघितलं, त्यांच्यात ही जोडी सुटलेली असते, आणि डीआरबी१ पकडला गेला. जे कोडं गोऱ्यांच्या रक्तात सुटत नव्हतं ते काळ्यांच्या रक्तात सुटलं.

आमच्या पेशंटला आधी एमएस म्हणाले, आता एनएमओ म्हणतात.

चिडू नका, डॉक्टर बदलून बघू पण नका, उलट नशीब समजा की वेळेवर ओळखलं. एनएमओमध्ये (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) पण डोळ्याची नस आणि मणका जातो, पण ती वेगळी भानगड आहे, त्यात बहुतेकांच्या रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडते. ही ओळख २००४ ची, त्याआधी जपानमध्ये यातल्या कितीतरी पेशंटला "आशियाई एमएस" समजायचे. आशियात या दोन आजारांत एनएमओचा वाटा युरोपपेक्षा मोठा असतो. फरक महत्त्वाचा कारण एमएसच्या काही गोळ्या-इंजेक्शनांनी एनएमओ बिघडतो. ती रक्ताची टेस्ट झाली का हे एकदा विचारून घ्या.

पोरीच्या लग्नात सांगायचं का? मूल होऊ द्यायचं का?

सांगायचं. आजार असलेल्या मुलीच्या बाबतीत सांगायचं, तिच्या बहिणीच्या बाबतीत सांगण्यासारखं काही नाहीच, वरचे आकडे बघा. माझ्या ओळखीत एका घरी थोरलीला एमएस म्हणून धाकटीची सोयरीक मोडली, साखरपुड्याचे पैसे दिलेले होते. १०० त ९७ ला होत नाही ते आणि कोणत्या घराण्यात एवढी गॅरंटी मिळते हो? मूल होऊ द्यायला एमएस आडवा येत नाही, उलट गरोदरपणात, शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. औषधं मात्र आधीपासून डॉक्टरांना विचारून थांबवायची किंवा बदलायची. ताईला आजारानंतर मुलगा झाला, आता सहावीत आहे आणि अभ्यास सोडून सगळं करतो.

बायकांनाच का जास्त?

पुरुषांच्या दुपटी-तिपटीने जास्त. हार्मोन, एक्स गुणसूत्र, दोन्हीकडे बोट जातं.

आखाजीत ताईचा डोळा परत गेला होता ना? अटॅक आला का?

नाही, ते ऊन होतं. अंग तापलं की कव्हर गेलेल्या तारेतून सिग्नल अजून रखडतो, जुनी लक्षणं तासाभरासाठी वर येतात, थंड झालं की जातात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्ये लिहून ठेवलंय. ताई झोक्यापाशी गाणी म्हणत उभी होती, दुपारचे दोन, एकदम म्हणाली दिसत नाहीये. कूलरसमोर बसवली, मानेला ओला पंचा, अर्ध्या तासात सगळ्यांना नावानिशी ओळखायला लागली. चोवीस तासांच्या वर राहिलं असतं तर डॉक्टरांना फोन केला असता. कूलर चोवीस तास आणि शाळा सकाळची, बस. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये एमएस पण आहे, टक्केवारी बसत असेल तर सर्टिफिकेट काढून घ्या, कामाला येतं.

तू सख्खा भाऊ ना, तू टेस्ट केली का?

नाही. करून काय हातात येणार होतं ते वर लिहिलंच आहे, तीन टक्क्यांचे चार झाले असते किंवा दोन. माझी मूठ कोणती ते मला माहिती नाही आणि त्याने झोप पण उडत नाही. फक्त स्वीडनचं ते १३ पट वाचलं त्या पोळ्याला, बैलं धुवून झाल्यावर, खिशातलं सिगारेटचं पाकीट गड्याला देऊन टाकलं. गडी म्हणाला, मालक, माझी बहीण नाही का?